मागून प्रोजेक्शन करताना पडद्यावरचा लख्ख गोळा कसा घालवावा

गणपतीचा हलता देखावा असो की नाटकातला पाऊस, प्रोजेक्टर पडद्यामागे लपवायचा असेल तर चौकट, वायरिंग, काळे कापड ही तयारी तुम्ही करालच. मेनूत ‘रिअर’ निवडा, अक्षरं सुलटी होतील. मागची जागा काळी करा. इथवर सोपं आहे.

आता पूर्ण पांढरी स्लाइड लावा आणि पडद्यासमोरून आडवे चाला. मधे लख्ख गोळा आणि कडा काळवंडलेल्या दिसतील. गोळा तुमच्याबरोबर सरकत असेल तर दोष पडद्याचा. जागचा हलत नसेल तर प्रोजेक्टरचा. बहुतेक वेळा तो सरकतोच.

चित्र २ मीटर रुंद आणि प्रोजेक्टर ३ मीटर मागे असेल तर कडेचा किरण सुमारे १८ अंश बाहेर कलून निघतो. समोर ३ मीटरवर मधोमध उभ्या माणसाच्या डोळ्यात तो आणायचा म्हणजे पडद्याने त्याला ३७ अंश वळवायला हवं. मधला किरण मात्र फुकटात सरळ येतो, म्हणून मधे गोळा आणि कडा मंद. म्हणूनच ‘जागा कमी आहे, शॉर्ट थ्रो (जवळूनच मोठं चित्र फेकणारा प्रोजेक्टर) घ्या’ हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. रुंदीच्या निम्म्या अंतरावरून तोच किरण ४५ अंशांत बाहेर पळतो! जुन्या रिअर प्रोजेक्शन टीव्हीत पडद्यामागे फ्रेनेल भिंग असायचं, ते किरण सरळ करायचं. मांडवाच्या मापात ते परवडत नाही. जागा नसेल तर आरशाने प्रकाश दुमडा, पण पुढच्या पृष्ठावर मुलामा असलेला आरसा घ्या, साध्या आरशात दुहेरी चित्र दिसतं. आणि एक आरसा आला की ‘रिअर’ बंद करा, चित्र तोच उलटवतो.

पडदा घेताना जास्त ‘गेन’ला, म्हणजे पडदा समोरून किती उजळ दिसतो त्या आकड्याला, भुलू नका. पडदा उजेड तयार करत नाही, बाजूचा काढून समोर देतो. गेन १ च्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि रंग करडा. समोरच्या दिव्यांचा उजेड करड्या पडद्यातून आत जाऊन परतताना दोनदा गाळला जातो, चित्र एकदाच.

तरीही गोळा उरलाच तर पडदा डोक्यांच्या वर चढवा आणि प्रोजेक्टर जमिनीवर ठेवून चित्र वर फेका. गोळा नेहमी डोळा आणि लेन्स जोडणाऱ्या रेषेवर असतो. ती रेषा पडद्याखालून गेली की तो दिसत नाही. चित्र थोडं मंद होईल, होऊ द्या. कीस्टोनला (तिरकं चित्र सॉफ्टवेअरने चौकोनी करणारी सोय) मात्र हात लावू नका, लेन्स शिफ्ट (लेन्सच सरकवून चित्र वर-खाली नेणारी सोय) वापरा.

फोकस शेवटी, समोर उभ्या माणसाला विचारत.