अर्धवट जीप घेण्याआधी पेन्सिल चालवा

म्हापशाकडे शेडमध्ये खोलून ठेवलेली जुनी जीप स्वस्तात मिळते, आणि मग पासिंगला आरटीओत अडकते. म्हणून पैसे देण्याआधी एवढं कराच.

१. चासिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेल्या नंबरवरचा गंज रॉकेलच्या फडक्याने पुसा. आपल्या खाऱ्या हवेत आकडे पापुद्र्याखाली दडतात. घासकागद मात्र लावू नका, खाडाखोडीचा संशय येतो.
२. वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. उमटलेलं एकेक अक्षर आरसी बुकाशी ताडा. ३ आणि ८ गंजात सारखेच दिसतात, तिथे बोट ठेवून वाचा.
३. इंजिन नंबरचंही तसंच.

नोंदणीला १५ वर्षं झाली असतील तर नूतनीकरणासाठी फॉर्म २५ लागेल. इंजिन दुसरंच निघालं तर आरटीओच्या परवानगीची नोंद दाखवल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नका.