छोट्या कंपनीने इंटर्न कसे निवडायचे

सगळ्यात आधी काम ठरवा, मग मुलं शोधा. उलटं झालं की इंटर्न येतो, दोन महिने कोणाच्या तरी शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि सर्टिफिकेट घेऊन जातो, त्यात त्याचंही नुकसान आणि तुमचंही. तो नेमकं काय करणार, त्याला शिकवणार कोण आणि त्या माणसाकडे रोज अर्धा तास आहे का, एवढं कागदावर लिहून काढा. वेळ नसेल तर यावर्षी घेऊच नका, खरंच.

पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजांमागे सगळेच लागलेले असतात, तुम्ही सांगली, लातूर, नांदेड, जळगाव तिकडच्या टीपीओंशी, म्हणजे कॉलेजच्या ट्रेनिंग-प्लेसमेंट ऑफिसरांशी बोला, मेल टाकून वाट बघू नका, सरळ फोन करा. उन्हाळ्यासाठी हवे असतील तर फेब्रुवारीतच बोलून ठेवायचं, नंतर सबमिशन, ओरल, परीक्षा यात मुलं हाताला लागत नाहीत. जाहिरातीत स्टायपेंडचा आकडा, ऑफिसचा पत्ता, किती महिने, सगळं स्पष्ट टाका, कारण बाहेरगावच्या पोराला कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचे पैसे धरून घरी विचारायचं असतं, आणि मोघम लिहिलंत तर चांगली मुलं अर्जच करत नाहीत.

शिक्षण पूर्ण झालेलेही चालणार असतील तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बघा, २०२४ ला आली, त्यात बारावी पास ६,०००, आयटीआय-डिप्लोमा ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना सरकार थेट खात्यात देतं. नोंदणी महास्वयम पोर्टलवर. शिकत असलेली मुलं मात्र यात बसत नाहीत, आणि कंपनीसाठीही अटी आहेत, त्या आधी वाचून घ्या.

आता निवड. रिझ्युमेवर फार वेळ घालवू नका, एकाच वर्गातल्या वीस जणांचे सारखेच असतात, प्रोजेक्टसुद्धा. त्यापेक्षा तासाभराचं एक छोटं काम द्या. उदाहरणार्थ सेल्सची एक्सेल शीट, मुद्दाम खराब केलेली, कुठे मोबाईल नंबर नऊ आकडी, कुठे एकच कस्टमर दोन स्पेलिंगने, एका ओळीत तारखेच्या जागी रक्कम. (कंपनीचं खरं काम फुकटात करून घेऊ नका हं, ते चूक आहे.) शीट किती साफ झाली हे बघाच, पण मुलगा विचारतो काय ते जास्त बघा. "सर, या दोन ओळी एकाच माणसाच्या वाटतायत, एक काढू का?" असं जो विचारतो तो घ्यावा, न विचारता उडवून टाकणारा पुढे खऱ्या डेटाचंही तेच करेल. मग पंधरा मिनिटं समोर बसवून हे असं का केलंस ते सांगायला लावा, मराठीत सांगितलं तरी चालतं, इंग्रजी अडखळलं म्हणून मार्क कापू नका. एआय वापरून केलं असेल तरी हरकत नाही, पण विचारल्यावर समजावता आलं पाहिजे.

डिपॉझिट, ट्रेनिंग फी असलं काहीही घ्यायचं नाही. ऑफर लेटरमध्ये तारखा, स्टायपेंड आणि मेंटरचं नाव लिहा, कॉलेजला लॉगबुकवर सही लागते ती कोण करणार तेही ठरवा. ज्यांना घेतलं नाही त्यांनाही आठवड्यात कळवा, मुलं तुमच्या फोनसाठी दुसऱ्या ऑफर थांबवून बसलेली असतात.