जुनी टर्बो गाडी घेताय? पळवायच्या आधी रांगवून बघा

संध्याकाळी साडेसहाला सांगलीच्या विश्रामबाग चौकात जी गर्दी असते ना, जुनी पोलो जीटी टीएसआय (फोक्सवॅगनची टर्बो हॅचबॅक) तपासायला त्यासारखी जागा नाही. मेहुण्याला हे सांगितलं तर तो हसला, कारण त्याला पेठ नाक्याला जाऊन हायवेवर गाडी खेचून बघायची होती. सगळ्यांचं तसंच असतं. पण टर्बो गाडी, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली, अर्धी मेलेली असली तरी शंभरपर्यंत झकास पळते, आपली पाठ सीटला चिकटते आणि आपण तिथंच पाघळतो. खरी दुखणी कळतात ती थंड इंजिनवर आणि दहाच्या स्पीडला.

घरातून निघायच्या आधी मालकाकडून आरसीचा फोटो मागवा आणि एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा, कितवा मालक, कर्जाचा बोजा आहे का, इन्शुरन्स चालू आहे का, चलनं किती थकलीत. सर्व्हिसचा रेकॉर्ड पण मागा. पोलोला कंपनीच्या हिशोबानं १५,००० किलोमीटरला सर्व्हिस असते, पण ज्यानं ऑइल त्याच्या आधीच बदललंय आणि बिलं जपून ठेवलीत त्याला दहा-वीस हजार जास्त गेले तरी मी देईन. बिलं नाहीत म्हणणारा माणूस कितीही गोड बोलला तरी तिथं वेळ घालवू नका.

आता आपल्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, महापूर. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ ला परत पूर आला, आणि पाण्यात बुडालेल्या किती गाड्या धुऊन-पुसून कुठं कुठं विकल्या गेल्या त्याचा हिशोब कुणाकडं नाही. आम्ही बघायला गेलो ती लाल गाडी दिसायला नवरीसारखी, आत अत्तराचा वास इतका की डोकं धरलं. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला, आपण ओढतो तेवढा नाही, गुंडाळी संपेपर्यंत. आतून जो भाग बाहेर आला तो मातकट, आणि बोटानं घासला तर बारीक गाळ निघाला. मालक म्हणाला, "शेतातनं जातो ओ रोज, धूळ असती." शेतातली धूळ सीटबेल्टच्या गुंडाळीत जाऊन बसत नाही. मग सीटखालच्या पट्ट्या बघितल्या, गंजलेल्या. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला, तिथं पण तेच. चहा पिऊन परत आलो. अशा गाडीची वायरिंग आज चालते आणि दोन पावसाळ्यांनी एकेक सेन्सर बोलायला लागतो, आणि टर्बो गाडीत सेन्सरांची काही कमी नसते.

गाडी बघायला सकाळीच जा, आणि मालकाला आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम असेल तर का गरम केली ते विचारा, उत्तर ऐकण्यासारखं असतं. थंड स्टार्टला टायमिंग चेनचा, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हचा ताल सांभाळणाऱ्या साखळीचा, खडखडाट येतो का ऐका, दोनचार सेकंदांत थांबला तरी तो लक्षात ठेवा. दोन-तीन मिनिटं तशीच चालू ठेवून एकदा एक्सलेटर दाबा आणि दुसऱ्याला मागं उभं करा, निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, ते टर्बोच्या सीलमधून असेल नाहीतर इंजिनमधून, दोन्हीत खर्च मोठाच.

मग गर्दीत न्या, सकाळची ऑफिसची असो नाहीतर संध्याकाळची चौकातली. ऑटोमॅटिक असेल तर डीमध्ये टाकून ब्रेक सोडा, एक्सलेटरला पाय लावू नका, गाडी रांगू द्या. जीटी टीएसआयला सात गिअरचा ड्राय क्लचचा (तेलात न बुडणारा) डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, होता (२०२० नंतरच्या एक लिटरच्या जीटीला तो नाही, तिला साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे). पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर, धक्का, किंवा सिग्नलला निघताना अर्धा सेकंद विचार करणं, हे सगळं क्लच नाहीतर मेकाट्रॉनिककडे, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटकडे, बोट दाखवतं. चढावर ब्रेक न लावता एक्सलेटरवर गाडी तोलून धरायची सवय असलेल्या मालकानं हे क्लच लवकर संपवलेले असतात. स्कोडाच्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसचा डीएसजी वेट क्लचचा (तेलात बुडालेला), तो दणकट, पण त्याचं ऑइल ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं, त्याचं बिल बघितल्याशिवाय पुढं बोलू नका. मॅन्युअल असेल तर तिसऱ्या गिअरला हळू चालवत असताना एकदम दाबा, आरपीएम चढतोय आणि स्पीड तिथंच असेल तर क्लच गेला.

एवढं झालं की मग खुशाल हायवेला न्या. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या एरर वाचणारं छोटं यंत्र, सोबत ठेवा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. एरर दिसली नाही म्हणून खूश होऊ नका, 'रेडीनेस' मध्ये (गाडी स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते दाखवते तिथं) बरेच मॉनिटर अपुरे दिसत असतील तर कुणीतरी कालपरवाच एरर पुसल्यात.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. आतली कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट नाहीतर सस्पेन्शन बघून घ्या.

रिमॅपबद्दल, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदललाय का, ते सरळ विचारा. मी स्वतः मॅप केलेल्या गाडीच्या विरोधात नाही, मालक सांगतोय, बिल दाखवतोय, ओरिजनल पार्ट डब्यात ठेवलेत, तर तो माणूस गाडी जपणारा आहे. "कंपनी फिटिंग आहे" म्हणणारा आणि एअर फिल्टरच्या क्लॅम्पवर नवे ओरखडे असणारा, हा धोक्याचा. आणि फियाटच्या अबार्थ पुंटोच्या मागं लागलेल्या पोरांनो, १४५ बीएचपी मस्तच आहे, पण पार्ट कुठून आणणार ते आधी दोन मेकॅनिकांना विचारून या.

पैसे देताना फॉर्म २९, ३० वर (गाडी नावावर करायचे) सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवायचा). ताबा पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा, आदल्या रात्रीचं चलन कुणाचं यावरून नंतर भांडण नको. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळालेली सूट, जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे इन्शुरन्स नावावर करताना हप्ता वाढला तर डीलरवर ओरडू नका, पण १४ दिवसांत करून घ्या. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदला, मालकानं "मागच्याच महिन्यात बदललंय" म्हणून सांगितलं असलं तरी.