उबुंटूवर विंडोजचा व्हिडिओ कन्व्हर्टर कसा चालवायचा
फोंड्याकडच्या जत्रेतलं नाटक कॅमकॉर्डरवर शूट केलंय, फाईली सगळ्या एमटीएस आणि लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स, तरी सवयीचा विंडोजवाला कन्व्हर्टर वाईनमधून, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालू शकतो. टर्मिनलात सुडो ॲप्ट इन्स्टॉल वाईन मारा, मग सेटअपची ईएक्सई वाईनने उघडून नेहमीसारखं नेक्स्ट नेक्स्ट करा. फाईल ॲड करताना आपले फोल्डर दिसले नाहीत तर घाबरू नका, झेड ड्राइव्हात जा, तिथं होम सापडेल. ग्राफिक्स कार्डवालं एन्कोडिंग बंद ठेवा, वाईनमध्ये ते बऱ्याचदा रुसतं, प्रोसेसरवर वेळ लागतो पण काम होतं. तीन अंकी नाटक असेल तर आधी छोटा तुकडा कन्व्हर्ट करून आवाज ओठांशी जुळतो का बघा, मग लावून खुशाल जेवायला बसा. नुसतं एमपी४च हवं असेल तर खरं सांगू, हँडब्रेक नावाचा कन्व्हर्टर थेट लिनक्सवर मिळतो, वाईनची भानगडच नको.