गोम्फोनेमाची ही सख्खी भावंडं ओळखायची कशी

माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर दगडावर पाय ठेवला की जो तपकिरी बुळबुळीत थर सटकतो ना, त्यात बहुतेक डायटमच असतात, म्हणजे सिलिकाच्या कवचात राहणारी एकपेशीय शेवाळं. गोम्फोनेमा हा त्यातलाच एक गट, त्यातल्या दोन सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या कशा ओळखायच्या ते बघू. जुन्या टूथब्रशने चार-पाच दगड घासून ते पाणी बाटलीत भरा, तारीख आणि जागा तिथल्या तिथं लिहा, घरी जाऊन लिहू म्हटलं की झालंच.

आतला जिवंत ऐवज जळाल्याशिवाय कवचावरची नक्षी दिसत नाही, म्हणून ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये हळूहळू तापवायचं, ग्लोव्हज आणि गॉगल घालूनच, भांडं अर्धंच भरायचं कारण फसफसून उतू जातं. मग डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धुवा, दर वेळी रात्रभर तळाशी बसू द्या. स्लाईडला नॅफ्रॅक्स (कवचं बसवायची पारदर्शक राळ) वापरा, कारण काचेसारख्या सिलिकापेक्षा त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं प्रमाण, बराच जास्त, त्यामुळे कवचावरच्या रेषा उठून दिसतात, नुसत्या पाण्यात ठेवलं तर बारीक काम फिकं पडतं.

आता खरी गंमत. गोम्फोनेमा पार्व्हुलम आणि गोम्फोनेमा लॅजेन्युला, दोघांनाही मधोमध एका बाजूला एकच ठिपका असतो, स्टिग्मा म्हणतात त्याला, समोरच्या बाजूला एक रेषा आखूड. म्हणजे यावरून गोम्फोनेमा कळतं, भावंडं नाही कळत. पार्व्हुलम गदेसारखा, वरचं टोक रुंद नि खालचं निमुळतं. लॅजेन्युलाची दोन्ही टोकं जवळजवळ सारखी, मान आवळून पुढं गोल डोकं काढल्यासारखी.

पण हे मोठ्या कवचांवर बघायचं हं! डायटम विभागला की नवीन अर्ध कवच जुन्याच्या आत बसतं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या आकार घटत जातो, ऑक्झोस्पोर (फुगून पूर्ण आकाराला येणारी पेशी) तयार झाला की परत मोठा. बारक्यांची टोकं बोथट होतात. मी सुरुवातीला एकाच जातीच्या लांब आणि आखूड कवचांना आठवडाभर दोन जाती समजून वहीत रंगवत बसलो होतो, नंतर रेषा मोजल्या तर दोन्हीकडं १० मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) १६-१७च निघाल्या. लांबी बदलते, रेषांची दाटी फारशी बदलत नाही.

तेव्हा १००एक्स ऑईल लेन्स, आधी स्टेज मायक्रोमीटरने (बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाईडने) आयपीसमधली पट्टी कॅलिब्रेट, मग मधल्या भागात १० मायक्रॉन मोजून रेषा मोजा, टोकाकडं मोजू नका, तिथं त्या दाट होतात. फाईन फोकस सारखा वर-खाली हलवत राहा. कवच कुशीवर पडून त्याची कड वर आली असेल तर ते पाचरीसारखं दिसतंय, ते सोडून द्या, त्यावरून जात ठरवायला जाऊ नका.

आणि एका कवचावर काही लिहायचं नाही, निदान २० तरी मोजा, मोठ्यापासून बारक्यापर्यंत ओळीने फोटो लावा. वहीत असं लिहा: लांबी किती ते किती, रुंदी किती ते किती, रेषा १० मायक्रॉनमध्ये किती ते किती, टोकं कशी, स्टिग्मा किती. ‘साधारण मध्यम आकाराचा’ असलं लिहिलेलं मीच माझ्या वहीत चार वेळा खोडलंय.