भावगीतांचा कव्हर अल्बम घरी रेकॉर्ड करताना

कव्हर म्हणजे दुसऱ्यांची गाणी आपण नव्याने गायची. आठ भावगीतं, प्रत्येक चारेक मिनिटांचं, म्हणजे अर्ध्या तासाचा अल्बम. माइक उघडण्याआधी हक्क आणि पट्टी पक्की करा. या दोन्ही गोष्टी नंतर सुधारायला गेलं की सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.

गाण्यात शब्द-चालीचा हक्क वेगळा आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा वेगळा. सगळं नव्याने वाजवलंत तर ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा प्रश्न येत नाही, शब्द-चालीची परवानगी मात्र लागतेच. विकतचा कराओके ट्रॅक सरावाला ठीक, अल्बमसाठी तो बनवणाऱ्याचीही संमती हवी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी मध्ये कव्हरची तरतूद आहे: मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष सरल्यावर ५ कॅलेंडर वर्षं थांबायचं, आगाऊ सूचना द्यायची आणि दर गाण्यामागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची. छोट्या अल्बमला हे झेपत नाही. त्यापेक्षा हक्क ज्या संगीत कंपनीकडे आहेत तिच्याकडून लेखी परवाना घ्या. त्यात स्ट्रीमिंग आणि व्हिडिओ यांचा स्पष्ट उल्लेख हवा. मुखपृष्ठावर मूळ गायकाचं नाव किंवा फोटो टाकू नका.

पट्टी मूळ गाण्याची घेऊ नका. अंतऱ्यातली सगळ्यात वर जाणारी ओळ सलग पाच वेळा म्हणा. पाचव्या वेळीही वरचा सूर फाटत नाही आणि खालचा ऐकू येतो, ती तुमची पट्टी.

आता पेटी. जुनी पेटी ४४० हर्ट्झ या ठरलेल्या मापावर असेलच असं नाही. नेहमीच्या भात्याने पांढरी सहा वाजवून ट्यूनर ॲप बघा. भाता जोरात मारला तर सूर किंचित उतरतो आणि आकडा चुकीचा येतो. समजा ४४२ आला, तर तानपुरा ॲप आणि कीबोर्ड ४४२ वर आणा, कारण पेटी ऐन वेळी जुळवता येत नाही. हे राहून गेलं तर पेटी आणि कीबोर्ड हाच सूर एकत्र धरतात तेव्हा आवाज सेकंदाला दोनदा लहान-मोठा होतो, लाटा आल्यासारखा. मिक्सिंगमध्ये त्या धड जात नाहीत.

तबला पेटीवर लावा आणि प्रत्येक टेकआधी पुन्हा तपासा. आवाज नको म्हणून एसी बंद केला की पावसाळ्यात खोली दमट होते, पुडी सैलावते आणि तबला उतरतो. चौथ्या टेकचा तुकडा पहिल्याला मग जुळत नाही. तबला आणि डग्गा यांना वेगळे माइक, पुडीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर. एकच माइक असेल तर दोन्हींच्या मध्ये ठेवा आणि डग्ग्याची घुमक पुरेशी येते का ते ऐका.

क्रम असा: मात्रांचा क्लिक (लय धरायची टिकटिक), त्यावर पेटी आणि कच्चा आवाज, मग तबला, शेवटी पक्का आवाज. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठा सूरही −१० डीबीच्या वर जाऊ देऊ नका. गोधडी गायकाच्या पाठीमागे टांगा, कारण माइकचं तोंड तिकडे असतं. पॉप फिल्टर (प, फ, ब यांचा फुंकर अडवणारी जाळी) लावा, माइक १५ ते २० सेंटिमीटरवर. हेडफोन बंद कपांचे घ्या, नाहीतर शांत ओळीत क्लिक झिरपतो. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसचं (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचं) डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा.

प्रत्येक गाण्याचे चार पूर्ण टेक घ्या. जोड देताना श्वासाच्या आधी कापा. श्वास एका टेकचा आणि ओळ दुसऱ्याची, हे कानाला लगेच कळतं. ऑटोट्यून अख्ख्या ट्रॅकवर लावू नका. मींड आणि मुरकी त्याला बेसूर वाटतात, आणि भावगीतातला जीव तिथेच असतो. चुकलेला एखादा सूर हाताने सरळ करा.

मिक्समध्ये आवाजाचा ८० हर्ट्झखालचा भाग काढा. रिव्हर्ब (आवाजाची घुमणारी शेपटी) इतकाच ठेवा की शब्दाचं शेवटचं अक्षर स्वच्छ ऐकू येईल. मास्टर, म्हणजे अंतिम फाइल, −१४ लफ्सच्या (सरासरी मोठेपणाचं माप) आसपास, ट्रू पीक (सगळ्यात उंच टोक) −१ डीबी. मग आठही गाणी सलग मोबाइलच्या स्पीकरवर ऐका आणि दोन गाण्यांमधली शांतता तेव्हाच ठरवा.

अपलोड करताना गीतकार आणि संगीतकार यांची नावं त्यांच्या रकान्यांत भरा, गायकाच्या रकान्यात फक्त तुमचं. यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखून दावा लावू शकते. परवान्याची पीडीएफ गाण्याच्या नावाने जपून ठेवा.