क्लासिकल गिटारसाठी ट्यूनर घेताय? या चुका टाळा

नवी बॅच सुरू झाली की पहिल्या महिन्यात पालकांचे तेच फोन येतात. 'सर, ट्यूनरवर हिरवा दिवा लागतो, पण गिटार बेसूरच वाजते. ट्यूनर बदलून आणू का?' ट्यूनर, म्हणजे तार सुरात आहे का ते दाखवणारं छोटं यंत्र, बहुतेक वेळा ठीकच असतो. एकतर तो क्लासिकल गिटारच्या कामाचा नसतो, नाहीतर तो काय सांगतोय हे बघणाऱ्याला कळलेलं नसतं. दुकानदार स्टीलच्या तारांच्या गिटारला आणि नायलॉनच्या तारांच्या गिटारला एकच ट्यूनर काढून देतो, आणि घेणाराही रंग आवडला की घेऊन येतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

फोनवरच्या ॲपवर भागवणं

घरात शांतता असेल तर ॲप चालतं. पण आपल्याकडे वर पंखा, स्वयंपाकघरात मिक्सर आणि खिडकीखाली रिक्षा, त्यात शांतता कुठली? शिवाय क्लासिकल गिटारची सहावी तार म्हणजे खालचा ई, सुमारे ८२ हर्ट्झ. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, एवढा खालचा सूर तो नीट पकडत नाही. मग ॲप त्या तारेचा वरच्या सप्तकातला स्वरांश पकडतं, काटा उड्या मारतो आणि मूल खुंटी इकडून तिकडे पिळत बसतं. क्लासमध्ये आठ मुलं एकदम गिटार लावत असतील तर माइकवाला ट्यूनर कोणाची तार ऐकतोय हेच कळत नाही.

क्लिपचा ट्यूनर घ्या. तो हवेतला आवाज ऐकत नाही, लाकडात उतरलेली थरथर पकडतो. शेजारी ढोल वाजत असला तरी त्याचं काम चालू राहतं.

क्लिप घेताना मात्र गिटार सोबत न्या. क्लासिकल गिटारचं डोकं जाड असतं आणि त्याला मधोमध दोन लांब खाचा असतात. बारीक जबड्याची क्लिप तिथे बसतच नाही, किंवा बसली तर खुंटीच्या दांड्याला टेकून खरखरते. डोक्याच्या वरच्या कडेला क्लिप घट्ट बसली पाहिजे आणि वाजवण्याच्या बैठकीत मान न वाकवता आकडा दिसला पाहिजे. दुकानात हे बघायला मिनिटभर लागतं, तरी कोणी बघत नाही.

क्रोमॅटिक नसलेला ट्यूनर

'फक्त गिटारसाठी' असा ट्यूनर सहा तारांचे सहाच सूर ओळखतो. नवशिक्याला सोपा पडेल म्हणून लोक तो घेतात. वर्षभरात सहावी तार डीवर उतरवायची रचना शिकायला येते, पुढे ल्यूट आणि विउएला या गिटारसारख्या जुन्या युरोपीय तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचना येतात आणि तिसरी तार जीवरून एफ शार्पवर आणावी लागते. तिथे हा ट्यूनर हात टेकतो. नवीन तार चढवतानाही तोच घोळ. चौथी तार अजून ढिली असते, तिचा सूर पाचव्या तारेच्या जवळ असतो, म्हणून ट्यूनर तिला पाचवी समजतो आणि 'उतरवा' म्हणतो. मूल इमानदारीने उतरवतं.

क्रोमॅटिक ट्यूनर बाराही सूर ओळखतो. त्याचा धोका एवढाच की तो कुठल्याही सुरावर हिरवा होतो. एका मुलीच्या वडिलांनी घरी गिटार लावून पाठवली, सहाही तारा हिरव्या. सहावी ईऐवजी एफवर होती आणि तिसरी जी शार्पवर. त्यांनी दिवा बघितला, अक्षर बघितलंच नाही. आधी अक्षर, मग काटा, सगळ्यात शेवटी रंग. अक्षराशेजारी सप्तकाचा आकडा दाखवणारा ट्यूनर मिळाला तर तोच घ्या. सहावी तार ई २ आणि पहिली ई ४, हे एकदा डोक्यात बसलं की तार तुटेपर्यंत पिळण्याची वेळ येत नाही.

कॅलिब्रेशनचं बटण

ए हा सूर किती हर्ट्झचा धरायचा हे ट्यूनरला सांगणं म्हणजे कॅलिब्रेशन, नेहमीचा आकडा ४४०. तो आकडा न बघण्याच्या चुकीने माझे जितके तास खाल्ले आहेत तितके दुसऱ्या कशानेही नाहीत.

वार्षिक कार्यक्रमाची तालीम होती, चार गिटारींची रचना. मुलं तयार होती, हात बसलेले होते, चौघांचे ट्यूनर हिरवे. पण एकत्र वाजवायला लागले की कानाला टोचायचं. मुलं एकमेकांच्या तारांना दोष द्यायला लागली, एका पालकांनी तर तिथल्या तिथे नवा सेट मागवायची तयारी केली. मी चौघांना फक्त पहिली तार मोकळी वाजवायला लावली, दोघादोघांच्या जोड्या करून. तीन जणांच्या तारा एकमेकींत मिसळून जात होत्या. चौथ्याबरोबर कोणीही वाजवलं की आवाजात हेलकावे यायचे, सेकंदाला जवळपास चार. पिशवीतून ए ४४० चा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की एकच ठरलेला सूर देणारा धातूचा चिमटा, काढला, ठोकून त्याच्या गिटारच्या ब्रिजवर, तारा बांधायच्या पट्टीवर, टेकवला आणि पाचव्या तारेचा पाचव्या पडद्यावरचा हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा वरचा सूर, वाजवायला सांगितला. हा हार्मोनिक ४४० लाच यायला हवा. फोर्क खाली आणि गिटार वर, हे मुलांनाही ऐकू आलं. ट्यूनर हातात घेतला तर कोपऱ्यात बारीक अक्षरात ४४५ लिहिलेलं. पिशवीत दाबलं जाऊन बटण सरकलं होतं. ४४० आणि ४४५ मधला फरक सुमारे २० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. एकट्याने वाजवताना तो कळत नाही, कारण सगळ्या तारा सारख्याच चढलेल्या असतात. दुसरा वादक शेजारी आला की लगेच कळतो.

ज्याचं कॅलिब्रेशनचं बटण बाहेरच्या कडेला असतं आणि नुसत्या स्पर्शाने सरकतं असा ट्यूनर मी मुलांना घेऊ देत नाही. काही ट्यूनरवर अर्धा स्वर खाली लावायचं चिन्हही असतं, इंग्रजी बारीक बीसारखं. ते चुकून चालू राहिलं तर अख्खी गिटार अर्धा स्वर उतरते. ट्यूनर चालू केला की पहिली नजर ४४० वर, ही माझ्या क्लासची शिस्त आहे.

हे बटण आहे कशासाठी? हार्मोनियमबरोबर वाजवायचं असेल तेव्हासाठी. जुन्या पेट्यांचे सूर ४४० ला असतातच असं नाही. पेटीवर पांढरी सहा दाबा, ट्यूनरला माइकही असेल तर तो चालू ठेवा, काटा मध्यावर येईपर्यंत कॅलिब्रेशन सरकवा आणि मग गिटार लावा. काम झालं की परत ४४० वर आणा.

गंधार गोड करत बसणं

घरात शास्त्रीय संगीत ऐकत वाढलेली मुलं ही चूक हमखास करतात आणि मला त्यांचं वाईट वाटतं, कारण त्यांचा कान चांगला असतो. ट्यूनरवर सगळं बरोबर लावून ती ई मेजर कॉर्ड वाजवतात आणि म्हणतात, तिसरी तार चढी आहे. त्यांचं ऐकणं बरोबर आहे. त्या कॉर्डमध्ये तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावरचा जी शार्प हा गंधार. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, गिटारच्या पडद्यावरचा ४०० वर. १४ सेंटचा फरक तयार कानाला खुपणारच. मग मूल तिसरी तार थोडी उतरवतं, ई मेजर गोड लागतं. लगेच सी मेजर वाजवलं की मोकळी तिसरी तार तिथे पंचम असते, आणि उतरलेला पंचम चढ्या गंधारापेक्षा कितीतरी जास्त बोचतो. परत तार वर. परत ई मेजर कडू. अर्धा तास यातच जातो आणि शेवटी दोष ट्यूनरला.

सतारीचे पडदे सरकवता येतात. गिटारचे लाकडात ठोकून बसवलेले असतात आणि सहाही तारांखाली सरळ रेषेत जातात. ती वाटणी बारा सारख्या घरांची आहे, तिच्यात शुद्ध गंधार बसत नाही. ट्यूनर त्या वाटणीप्रमाणेच सांगतो आणि या वाद्यावर त्याचंच ऐकायचं. माझी सवय एवढीच की तिसरी तार काट्याच्या मध्याच्या किंचित खाली, दोनतीन सेंट, ठेवतो. नायलॉनची तिसरी तार जाड असते आणि दाबली की जरा चढते, म्हणून ही सूट. त्याहून जास्त नाही.

शेजारच्या दोन तारांचे पाचव्या आणि सातव्या पडद्यावरचे हार्मोनिक जुळवून ट्यूनरला 'सुधारणारे' मोठे विद्यार्थीही असतात. ते दोन हार्मोनिक या वाटणीत दोन सेंटने वेगळे असायलाच हवेत. ते तंतोतंत जुळवत एका तारेवरून पुढच्या तारेवर गेलं की फरक साठत जातो.

नव्या तारांना वेळ न देणं

संध्याकाळी सेट बदलायचा आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात वाजवायचं, हा हट्ट सोडा. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तारा बनवणारे अल्बर्ट ऑगस्टीन यांनी प्रसिद्ध स्पॅनिश गिटारवादक सेगोविया यांच्या साथीने नायलॉनच्या तारा आणल्या तेव्हापासून या तारांचा स्वभाव तोच आहे, त्या ताणल्या की दिवसेंदिवस लांबत राहतात. ट्यूनरने आत्ता बरोबर दाखवलं आणि पाच मिनिटांनी उतरलेलं दाखवलं, तर दोन्ही वेळा तो खरंच बोलतोय. तार चढवल्यावर बाराव्या पडद्यापाशी बोटांनी हळूच वर ओढा, परत लावा, पुन्हा ओढा. चारपाच दिवस दिवसातून अनेकदा लावत राहा. घाईवर औषध म्हणून महागडा ट्यूनर आणणारे मी पाहिले आहेत. तार त्यांचंही ऐकत नाही.

थोडक्यात उरलेलं

सूर नेहमी खालून वर आणा. पुढे गेलात तर आधी चांगला उतरवा आणि मग चढवा, नाहीतर खुंटीच्या दात्यांतली ढिलाई नंतर सूर उतरवते.

तार नखाने जोरात छेडू नका. छेडल्याक्षणी सूर चढा असतो. अंगठ्याच्या मांसल भागाने बाराव्या पडद्यावर हळू छेडा आणि काटा स्थिरावल्यावरच वाचा. बाकीच्या तारा हाताने दाबून ठेवा.

०.१ सेंट अचूकतेचा स्ट्रोब ट्यूनर गिटार दुरुस्त करणाऱ्याला लागतो. विद्यार्थ्याला एक सेंटचा भरपूर झाला. तेवढ्या पैशात तारांचे चांगले सेट येतील.

गिटारच्या कुशीला भोक पाडून बसवलेला ट्यूनर आहे म्हणून ती गिटार घेऊ नका. ट्यूनर बिघडतो, भोक राहतं.

फ्रेंच पॉलिशच्या, म्हणजे लाखेचं नाजूक पॉलिश असलेल्या गिटारवर क्लिप लावून ठेवून देऊ नका. रबराचा डाग पॉलिशमध्ये उतरतो आणि निघत नाही. लावून झालं की क्लिप काढा.

बहुतेक क्लिप ट्यूनरना सीआर २०३२ हा बटणासारखा सेल लागतो. आकडा फिका दिसायला लागला की लगेच बदला. एक जादा सेल आणि एक ट्यूनिंग फोर्क गिटारच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, कार्यक्रमाच्या दिवशी तर नक्कीच.